नौदलाला माल कसा द्यायचा हे शिकवणारी कार्यशाळा आणि वर्षभराची ‘हँडहोल्डिंग’: शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्याचा अनुभव

स्टार किती द्यायचे यावर घरात दोन दिवस वाद चालला. शिकवायला आलेल्या कमांडरसाहेबांना पाच. त्यांना आणणाऱ्या कंपनीला दीड, आणि तोही अर्धा स्टार चहा बरा होता म्हणून. पोरगं म्हणालं, सरासरी काढा. मी म्हटलं, लोकांना सरासरी नको असते, पैसे गेले कुठं ते पाहिजे असतं. म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाही. ज्यांना त्यांचे मेल येतात त्यांना कळेलच.

आधी मी कोण ते. शिरोली एमआयडीसीत माझी लहान फौंड्री आहे. कोल्हापुरात फौंड्री म्हटलं की लोकांना बीड, म्हणजे ओतीव लोखंड आठवतं, इंजिनाचे ब्लॉक, ट्रॅक्टरची हाऊसिंग वगैरे. माझं तसं नाही. वडिलांनी उद्यमनगरात खड्ड्याच्या भट्टीवर सुरू केलं ते गनमेटल आणि ब्रॉन्झ, म्हणजे तांब्याचे मिश्रधातू. साखर कारखान्यांच्या मिलचे ब्रास, पंपाचे इम्पेलर, बुश, व्हॉल्व्हच्या बॉडी. चौदा माणसं, दोन भट्ट्या, धातूत काय किती आहे ते सांगणारा एक स्पेक्ट्रो, जो हप्त्यावर घेतलाय. गळीत हंगाम संपला की आमचा हंगाम सुरू होतो आणि हंगाम सुरू झाला की रात्रीचे फोन सुरू होतात. “मालक, बुश गेलाय, सकाळी सातला गाडी पाठवतो.” कागद नाही, ड्रॉइंग नाही, जुना बुश पोत्यात घालून येतो. बिल दोन महिन्यांनी. असं तीस वर्षं चाललंय आणि त्यात पोट भरतंय.

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईत एकाच दिवशी तीन नौका नौदलात दाखल झाल्या, सूरत, नीलगिरी आणि वागशीर पाणबुडी. पोरगं टीव्हीसमोर बसलं होतं. मेटलर्जी करून वर्षभरापूर्वीच शेडमध्ये यायला लागलेलं. म्हणालं, बाबा, त्या पाणबुडीत किती व्हॉल्व्ह असतील? मी म्हटलं, असतील शेकड्यानं. “मग आपण अजून कारखान्याचे बुशच करत बसायचं का?” दुसऱ्याच दिवशी मेल आला: दोन दिवसांची कार्यशाळा, ‘डिफेन्स व्हेंडर बना’, सोबत वर्षभराचं मार्गदर्शन. पोरानं दोघांचे पैसे भरून टाकले, मग मला सांगितलं. कार्यशाळेचे माणशी साडेदहा हजार, वर्षाच्या मार्गदर्शनाचे पंचेचाळीस हजार, वर जीएसटी वेगळा.

ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आणि रविवारी कार्यक्रम. चाळीसेक लोक. इचलकरंजी, सांगली, बेळगाव, दोघे साताऱ्याहून. पहिला दीड तास कंपनीच्या टाय लावलेल्या पोरानं खाल्ला. देश बदलतोय, संधी आली आहे, दरवाजे उघडलेत. पडद्यावर विमानवाहू नौकेचा फोटो इतका ताणलेला की ती कोल्हापुरी चपलेसारखी दिसत होती. मी उठून बाहेर तंबाखू मळायला गेलो. तिथं एक साठीचे गृहस्थ एकटेच चहा पीत उभे. अंगात साधा शर्ट, हातात कापडी पिशवी. मला वाटलं हॉटेलचे कुणी असतील. ते म्हणाले, “ते दरवाज्यांचं संपलं की सांगा हां. मग मी येतो आत.”

हेच ते कमांडरसाहेब. देवगडकडचे, नौदलात इंजिनिअरिंग शाखेत आयुष्य काढलेलं, आता निवृत्त.

आत आल्यावर त्यांनी लॅपटॉप बंद करायला लावला आणि पिशवीतून एक स्क्रू काढला. पितळेचा, जाडजूड, अंगठ्याएवढा. हातोहात फिरवला. माझ्यापाशी आला तेव्हा बघितलं, रंग पितळेचा नव्हता. गुलाबीसर, तांब्यासारखा, आणि हाताला हलका. त्यांनी तो परत घेतला, दोन बोटांत धरला आणि बिस्किटासारखा मोडला. आतून स्पंजासारखा. म्हणाले, समुद्राच्या पाण्यानं यातलं जस्त खाल्लं, तांब्याचा सांगाडा राहिला. दिसायला स्क्रू, पण ताकद शून्य. “हा एका मच्छीमार बोटीतला आहे. बोट किनाऱ्याला होती म्हणून माणसं वाचली. आता सांगा, हा ज्यानं विकला त्यानं काय खोटं विकलं? पितळ म्हणून पितळच दिलं.” हॉल गप्प. माझ्या शेजारी आमचे मोल्डर, म्हणजे साचे घालणारे, मामा असते तर बरं झालं असतं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊनच गेलो. प्रवेश दोघांचाच होता, कंपनीनं तिसऱ्याचे वेगळे पैसे मागितले, मी पोराला घरी बसवलं.

पहिल्या दिवसाचा खरा भाग म्हणजे खरेदी चालते कशी. हे मी याआधी तीनदा ऐकलंय, उद्योजकांच्या मेळाव्यात वगैरे, आणि तिन्ही वेळा झोप लागली होती. साहेबांनी ते साखर कारखान्यावर आणलं. कारखान्याला नवा बॉयलर घ्यायचा असेल तर काय होतं? संचालक मंडळ, सभा, ठराव, कर्ज, वरच्या मंजुऱ्या. आणि बुश घ्यायचा असेल तर? चीफ इंजिनिअर आणि स्टोअर. नौदलातही तेच दोन रस्ते. नवी नौका, नवं रडार, नवं क्षेपणास्त्र, हा भांडवली खर्च, त्याला डीएपी २०२०, म्हणजे संरक्षण खरेदीची कार्यपद्धती लागू, १ ऑक्टोबर २०२० पासून. चालत्या जहाजाची दुरुस्ती, सुटे भाग, हा महसुली खर्च, त्याचं पुस्तक वेगळं, डीपीएम, म्हणजे संरक्षण खरेदीची नियमपुस्तिका. “तुम्ही सगळे पहिल्या रस्त्यावर जाऊन उभे राहता, आणि तुमची एसटी दुसऱ्या रस्त्यानं जाते,” असं ते म्हणाले.

भांडवली रस्त्याचे टप्पे त्यांनी फळ्यावर लिहिले ते मी वहीत उतरवून घेतले. आधी नौदल स्वतःची गरज शब्दांत मांडतं: वजन किती, वेग किती, किती तापमानात चाललं पाहिजे, धक्का किती सोसला पाहिजे. बाजारात कोण काय देऊ शकतं याची चाचपणी. मग संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद ‘गरज मान्य’ म्हणते. त्यानंतर निविदा, आणि तिचे दोन लिफाफे. तांत्रिक लिफाफा आधी उघडतो. त्यात जो बसला त्याचं यंत्र चाचणीला समुद्रावर. त्यातून जो तरला त्याचाच दराचा लिफाफा उघडायचा, सगळ्यांत कमी दरवाला एल-वन. मग वाटाघाटीची समिती, मग वरची मंजुरी, मग सही. आपल्याकडे बनवलेल्या आणि आपलंच डिझाईन असलेल्या मालाला अग्रक्रम, त्यात किमान ५० टक्के देशी माल पाहिजे.

किती वर्षं लागतात, असं कुणीतरी विचारलं. साहेबांनी उलट विचारलं, तुमचा मुलगा केवढा? मग कलवरी पाणबुड्यांचं सांगितलं. सहा पाणबुड्यांचा करार २००५ ला. पहिली दाखल झाली डिसेंबर २०१७ मध्ये. सहावी, म्हणजे वागशीर, दहा दिवसांपूर्वी. मी पोराकडे बघितलं. करार झाला तेव्हा हे बालवाडीत रडत होतं, आता मला व्यवसाय शिकवतंय.

आणि मग त्यांनी अमेरिकेची गोष्ट सांगितली, ज्यासाठी मी ते साडेदहा हजार आनंदानं परत देईन. झुमवाल्ट नावाच्या विनाशिका. ३२ बांधायच्या ठरल्या होत्या. त्यांच्यासाठी १५५ मिलिमीटरची खास नवी तोफ, आणि त्या तोफेला खास नवा गोळा, जो दुसऱ्या कुठल्याच तोफेत बसत नाही. खर्च वाढत गेला, संख्या कापत कापत तीनावर आली. नौका तीन, तोफा सहा. गोळ्याचा कारखाना, साचे, चाचण्या यांचा खर्च ३२ नौकांवर पसरायचा होता, तो तीनांवर पडला. एकेक गोळा आठ लाख डॉलरला जायला लागला. २०१६ ला गोळाच रद्द. तोफ आहे, गोळा नाही. आता तोफा काढून तिथं क्षेपणास्त्रं बसवायचं काम चाललंय.

मागून एक बीडवाला ओरडला, “साहेब, हे तर पॅटर्नच्या पैशाचं झालं की!” सगळा हॉल हसला, पण त्याचं अगदी बरोबर होतं. गिऱ्हाईक सांगतं पाचशे नग घेणार, आपण पॅटर्नचा, म्हणजे साचा काढायच्या नमुन्याचा, खर्च पाचशेवर टाकून दर देतो, आणि तो चाळीस नग उचलून गायब होतो. शिरोलीत असा एक शेड दाखवा जिथं माळ्यावर अशी पॅटर्न पडलेली नाहीत. अमेरिकेच्या नौदलालाही हेच झालं हे ऐकून जिवाला फार बरं वाटलं.

उलटं उदाहरण विक्रांतचं. नौकेचं पोलाद रशियाकडून यायचं होतं, ते जमेना. म्हणून डीआरडीओच्या हैदराबादच्या धातुप्रयोगशाळेनं आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीनं मिळून डीएमआर-२४९ नावाचं पोलाद इथंच केलं. त्यात काही वर्षं गेली, आरडाओरड झाली. पण २ सप्टेंबर २०२२ ला विक्रांत कोचीत दाखल झाली आणि त्या पोलादावर पुढच्या नौकाही बांधल्या गेल्या. तिथं खर्च पसरला. साहेबांचं म्हणणं असं की नवी गोष्ट करायचीच तर ती अशी करा जी दहा जहाजांना लागेल, आणि एका जहाजात पाच नव्या गोष्टी एकदम घालू नका. त्यावर त्यांनी अमेरिकेच्या फोर्ड नावाच्या विमानवाहू नौकेतल्या दारूगोळ्याच्या लिफ्टांचं सांगितलं. नौका नौदलात आली २०१७ ला, अकरा लिफ्टांमधली शेवटची चालू झाली डिसेंबर २०२१ ला. आमच्या अपार्टमेंटची लिफ्ट आठ महिने बंद होती तेव्हा मी सोसायटीच्या सेक्रेटरीला काय काय बोललो होतो. परत येताना त्यांना नमस्कार घातला.

जेवणाबद्दल थोडक्यात. शनिवार म्हणून शाकाहारी, आणि अख्खा मसूर गोड. कोल्हापुरात अख्खा मसूर गोड करणाऱ्याला पाणबुडीत घालून पाठवायला पाहिजे.

दुसरा दिवस कागदांचा. मला भीती होती तीच, पण हाच दिवस कामाचा ठरला. साहेबांनी एका व्हॉल्व्हच्या बॉडीचं ड्रॉइंग वाटलं आणि म्हणाले, दर काढा. वीस मिनिटं. आम्ही वजन काढलं, धातूचा भाव लावला, मशिनिंग धरलं, थोडा नफा. मी सातशे रुपये किलोच्या आसपास आलो. मग त्यांनी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली आठव्या क्रमांकाची टीप वाचायला सांगितली. तिथं एका स्टँडर्डचा हवाला. ते स्टँडर्ड त्यांनी वाटलं, त्यात दुसऱ्या स्टँडर्डचा हवाला. त्या दुसऱ्यात एक ओळ: कास्टिंग ६७५ अंश सेल्सिअसला सहा तास भट्टीत ठेवावं. कशाला, तर या निकेल-ॲल्युमिनियम ब्रॉन्झमध्ये जो भाग समुद्राच्या पाण्यात आधी सडतो तो या उष्णतेनं जातो. चाळीस लोकांत ती ओळ एकानंही धरली नव्हती. सहा तासांची भट्टी, तिचं वीजबिल, तापमानाचा चार्ट, त्या भट्टीचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. माझा दर तिथंच पडला.

पुढं क्वालिटी ॲश्युरन्स प्लॅन. त्यातले रकाने कसे वाचायचे: कुठं आपण तपासायचं, कुठं गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर समोर उभा राहणार, कुठं तो फक्त कागद बघणार. इन्स्पेक्टर येईपर्यंत काम थांबवायचं म्हणजे थांबवायचं. टेस्ट बार त्याच हीटचा, म्हणजे एकाच वेळी वितळवलेल्या रसाचा, त्याच्यावर इन्स्पेक्टरचा शिक्का, मग तो तुटणार. पाण्याची चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट. प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर, आणि मशिनिंगमध्ये तो खरवडला गेला तर आधी साक्षीदार बोलवून दुसरीकडे उठवायचा, मगच खरवडायचा. मामा कधीपासून माझ्या कानात काहीतरी म्हणत होते. साहेबांनी बघितलं. “मामा, मोठ्यानं सांगा.” मामा उभे राहिले. “साहेब, नंबर आम्ही कोअरच्या बाजूला टाकतो. तिथं फेटलिंगवाला ग्राइंडर मारतो. मग पोरगं दुसरा नंबर ठोकतंय, आठवल तो.” साहेब एवढे हसले की चष्मा काढून पुसला. म्हणाले, सगळे असंच करतात, कबूल करणारा पहिलाच माणूस भेटला.

तंत्रज्ञान किती पिकलंय ते मोजायच्या नऊ पायऱ्या असतात, त्याही समजावल्या. शिरोळकडचा एक पोरगा आला होता, पाण्याखालचा ड्रोन केलेला. गावच्या विहिरीत चाळीस फुटांपर्यंत चालवलाय म्हणाला, मोबाईलवर व्हिडिओही दाखवला, छान होता. साहेबांनी त्याला चढवलं नाही आणि पाडलंही नाही. विहीर म्हणजे चौथी-पाचवी पायरी. दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाएवढा दाब वाढतो, त्यात खारं पाणी, प्रवाह, आणि वर हलणारं जहाज. सातवी पायरी समुद्रात. मधल्या दोन पायऱ्यांना पैसा लागतो आणि तिथंच लोक मरतात. त्यासाठी २०१८ ला सुरू झालेल्या आयडेक्स या संरक्षण मंत्रालयाच्या योजनेचं सांगितलं, दीड कोटीपर्यंतचं अनुदान, पण तेवढाच स्वतःचाही वाटा घालायचा. पोरगा वाटा ऐकून गप्प झाला. चहाच्या वेळी बघितलं तर साहेब त्याला जिन्यात घेऊन बसले होते, कागदावर काहीतरी काढून दाखवत.

इथवर पाच स्टार.

आता वर्षभराच्या हँडहोल्डिंगचं. पंचेचाळीस हजारांत चार गोष्टी कबूल केल्या होत्या: सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी, निविदांच्या सूचना, क्वालिटी मॅन्युअल, आणि तज्ज्ञांशी फोनवर दहा तास.

पोर्टलची नोंदणी पोरानं एका रविवारी स्वतः केली. लहान उद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र होतंच. कंपनीच्या माणसानं त्यानंतर तीन आठवड्यांनी फोन करून आमचा पासवर्ड मागितला, नोंदणी करून देतो म्हणून.

निविदांच्या सूचना रोज यायच्या. पहिल्या महिन्यात आलेल्या मी मोजल्या, एकशे बारा. त्यात स्टीलची जेवणाची ताटं, मच्छरदाण्या, फुटबॉल, एका तळावरच्या बागेचं गवत कापणं. गनमेटलच्या तीन. त्यातल्या दोन संपून गेलेल्या. फोन केला तर म्हणाले, सिस्टम ‘नौदल’ हा शब्द शोधते. शोधू दे की, पण सोबत ‘धातू’ही शोधू दे.

मॅन्युअल आलं, एकशे साठ पानं, चकचकीत. सदतिसाव्या पानावर आमच्या कंपनीच्या नावाच्या जागी कोइमतूरच्या एका पंपवाल्याचं नाव. त्रेसष्टाव्या पानावर आमच्याकडे पेंट शॉप असल्याचं लिहिलेलं. इन्स्पेक्टरपुढं हे ठेवलं असतं तर पेंट शॉप दाखवा म्हणाला असता. दुरुस्त करून मागितलं, दोन महिन्यांनी आलं, कोइमतूर गेलं, पेंट शॉप राहिलं.

वर आणखी एक. कार्यशाळेत दिलेल्या फायलीत २००९ च्या डीपीएमचे उतारे होते. त्या वेळी ते बरोबरच होतं. पण १ नोव्हेंबर २०२५ पासून नवा डीपीएम लागू झाला. सुधारित पानं पाठवा म्हटलं तर नव्या कार्यशाळेला या म्हणतात, जुन्या सभासदांना दहा टक्के सूट. वर्ष माझं जानेवारीपर्यंत होतं. चालू वर्गणीत पुस्तक बदललं तर ते द्यायची जबाबदारी कुणाची, हे आमच्या पेपरवाल्या पोरालाही कळतं.

राहिले फोनचे दहा तास. हेच माझं वसूल.

एप्रिलमध्ये पुण्याकडच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्याकडून चौकशी आली. त्याचा माल जहाजबांधणी कारखान्यात जातो. बावीस बॉडी, निकेल-ॲल्युमिनियम ब्रॉन्झ, एबी-२, एकेक अठ्ठावीस किलोची. साहेबांबरोबर तासभर फोनवर बसून ड्रॉइंगच्या सगळ्या टिपा वाचल्या. उष्णतेची ओळ इथंही होती, एक्स-रे होता, रंगानं भेगा दाखवणारं डाय पेनिट्रंट होतं. दर दिला, ऑर्डर मिळाली, सगळं मिळून सहा लाख चाळीस हजार.

पहिल्या हीटच्या सहा बॉडी ओतल्या. बाहेरून देखण्या, आरशासारख्या. पेनिट्रंट मारलं तर पाचांवर तांबड्या रेघा, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारख्या. मामा जमिनीवर उकिडवे बसून अर्धा तास त्या रेघा बघत राहिले. मग म्हणाले, “मालक, ह्यो रस गनमेटलचा न्हाई. ह्याला दुधासारखी साय धरतीया. आपण वरनं धार सोडली, साय मोडली, आत घडी पडली.” अगदी तेच होतं. या ब्रॉन्झमधल्या ॲल्युमिनियमची क्षणात ऑक्साईडची पापुद्र्यासारखी साल बनते. गनमेटलला आम्ही तीस वर्षं वरून धार मारत आलो, इथं रस खालून, शांतपणे चढला पाहिजे. मामांनी गेट, म्हणजे रस आत जायची वाट, खालून काढला, वाटेत सिरॅमिकची जाळी बसवली, रायझर, म्हणजे वरचा रसाचा साठा, दुप्पट मोठा केला कारण हा धातू आकसतोही जोरात. क्रूसिबल ओठाला टेकवून, दोघांनी श्वास धरून ओतलं. त्या हीटमध्ये सहापैकी सहा पास.

यात कमांडरसाहेबांचा हात काय, तर त्यांनी आधीच बजावलं होतं की पहिली हीट इन्स्पेक्टर बोलवायच्या आधी, स्वतःच्या खर्चानं ओतून फोडा. मी ऐकलं नसतं तर त्या पाच बॉडी इन्स्पेक्टरपुढं पडल्या असत्या.

तरी तीन आठवडे उशीर झालाच. एक्स-रेला माल बाहेर पाठवावा लागतो, तिथं रांग. आठवड्याला अर्धा टक्का दंड, म्हणजे ९,६०० रुपये कापले. दंडाचं कलम मी वाचलं होतं, तक्रार नाही. तक्रार पैशाची आहे. लहान उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा २००६ चा कायदा आहे. आमचे आले ८३ व्या दिवशी. उशिरासाठी आम्हाला टक्का लागतो, त्यांना लागलेला टक्का मागायला गेलं तर पुढची ऑर्डर जाते. हे साहेबांना विचारलं तर त्यांनी कायद्याचा रस्ता सांगितला आणि मग स्वतःच म्हणाले, तुम्ही तो वापरणार नाही, मला माहीत आहे.

आणि एकदा त्यांनी मला वाचवलं. ऑगस्टमध्ये पोरानं एक निविदा शोधून काढली, चाळीस पूर्ण व्हॉल्व्ह, मोटरसकट, थेट द्यायचे. रक्कम बघून घरात सगळे हवेत. फोन लावला. साहेबांनी तीनच प्रश्न विचारले. स्फोटाच्या धक्क्याची चाचणी कुठं करणार आणि पैसे कोण देणार? चाळीस मोटरी घेऊन पैसे येईपर्यंत तुमचं किती भांडवल किती महिने अडकेल? आणि उद्या तीस वर्षांनी जहाज रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, आलं आणि सुटा भाग मागितला तर ड्रॉइंग कुणाच्या नावावर असेल? मी म्हटलं, डिझाईन करून घेऊ कुणाकडून तरी. ते म्हणाले, “मालक, तुमच्याकडे भट्टी आहे आणि मामा आहेत. तेवढंच विका.” पोरगं चार दिवस बोललं नाही माझ्याशी. ती निविदा घेतलेल्या एकाची कहाणी नंतर कानावर आली, ती इथं लिहीत नाही.

तीस वर्षांचं ऐकल्यावर एक काम लगेच केलं. २०१९ च्या पुरात शेडमध्ये कमरेएवढं पाणी होतं, हायवे बंद, आणि वडिलांच्या वेळची लाकडी पॅटर्न फुगून फुटली. या बावीस बॉडींचं पॅटर्न ॲल्युमिनियमचं करून घेतलं आणि माळ्यावर, पुराच्या खुणेच्या चार फूट वर टांगलंय. मामांनी त्यावर खडूनं लिहिलंय, ‘नेवीचं हाय, हात लावू नये’.

गेल्या महिन्यात कंपनीचा फोन आला, वर्गणी नूतनीकरण, आता पंचावन्न हजार. मी म्हटलं फक्त कमांडरसाहेबांचे दहा तास द्या, बाकीचं ठेवा तुमच्याकडे, वीस हजार देतो. म्हणाले असं पॅकेज नाही. साहेबांचा थेट नंबर माझ्याकडे आहे, पण त्यांनी कंपनीशी करार केलाय आणि ते शब्दाचे पक्के आहेत, परस्पर एक रुपया घेणार नाहीत. फुकट विचारायची मला लाज वाटते. मामांना वाटत नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्याच फोनवरून लावला आणि वीस मिनिटं बोलले, त्यातली पंधरा देवगडच्या आंब्यावर.

जाणार असाल तर कार्यशाळेला जा, वर्षाचं पॅकेज घेऊ नका. शनिवारी साडेअकरापर्यंत गेलात तरी चालेल, आधी काही नसतं. रविवारी तुमच्या मोल्डरला किंवा मशीनवरच्या माणसाला घेऊन जा, मॅनेजरला नको. आणि डबा घरून न्या.